शंभरला थरथरणारी गाडी: सोलापुरातल्या एका तक्रारीचा माग

गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला असेल. सकाळी गॅरेजचं शटर वर करतोय तोच अण्णा गाडी घेऊन दारात उभे. अण्णांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. महिन्यातून चार-पाच वेळा पुणं आणि एखादी हैदराबादची फेरी ठरलेली. गाडी डिझेलची, सात सीटर, फ्रेमवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी, ८६ हजार किलोमीटर पळालेली. सोबत त्यांचा ड्रायव्हर.

"उस्ताद, नव्वदच्या वर गेलं की थरथरती बघा. तीन ठिकाणी दाखवली. पैसे गेले, थरथर हाय तशीच हाय."

त्यांनी बिलांची चळत पुढे ठेवली. तीन वेळा व्हील बॅलन्सिंग, दोन वेळा अलाइनमेंट, दोन्ही टाय रॉड एन्ड आणि लोअर आर्मचे बुश (स्टेअरिंग-सस्पेन्शनचे सांधे), पुढचे दोन टायर नवेकोरे. बेरीज तेवीस हजारांच्या वर. मी अण्णांना एकच विचारलं: यातलं एकही काम करायच्या आधी कुणी तुमच्या शेजारी बसून गाडी हायवेला नेली होती का? नव्हती नेली. एकाने गल्लीत चक्कर मारली, दुसऱ्याने विजापूर नाक्यापर्यंत जाऊन आणली. जी तक्रार नव्वदच्या वरच येते ती गावात चाळीसच्या वेगात कशी दिसणार?

अलाइनमेंटबद्दल इथेच सांगतो, कारण थरथर म्हटली की गिऱ्हाईक आधी तेच करून घेतं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग सरळ राहत नाही, टायर आतून किंवा बाहेरून खातो. पण फिरणारी वस्तू केंद्रापासून सरकली किंवा तिचं वजन एका अंगाला गेलं, की ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. चाकाचा कोन अर्धा अंश इकडे-तिकडे झाल्याने ती होत नाही. अण्णांच्या दोन अलाइनमेंटचे पैसे वाया गेले होते, आणि ते त्यांना तसं सांगणं मला भाग होतं.

मग मी विचारपूस सुरू केली. थरथर कधीपासून? दिवाळीनंतर. त्याआधी काही काम केलं होतं? "काही नाही." अलॉय व्हील कंपनीचे वाटत नाहीत? "आदल्या दसऱ्याला बसवले की. वर्षभर काही त्रास नव्हता." हादरा कुठे जाणवतो, हातात की बुडाखाली? यावर अण्णा म्हणाले हातात. ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला: "मालक, सीटमध्ये." दोघांचं जमेना. एका गॅरेजने पुढचे टायर का बदलले आणि दुसऱ्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) उतरवायचा सल्ला का दिला, ते मला तेव्हा कळलं. आमच्या धंद्यात ठोकताळा असा, की स्टेअरिंग हललं तर पुढची चाकं आणि सीट हललं तर मागची चाकं किंवा शाफ्ट. ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर येतो. या गाडीत तो दोन्ही बाजूंना बोट दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं ठरवलं. टायर गार असताना हवा मोजली: पुढे डावीकडे ३४, उजवीकडे २९. ती मुद्दाम तशीच ठेवली. तक्रार ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत आधी स्वतः अनुभवायची, दुरुस्ती नंतर. नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. रिमच्या आतल्या बाजूने बॅटरी मारून पाहिली. आपल्याकडची काळी माती भिजली की रिमच्या आत लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की दगड होते. गेल्या पावसाळ्यात मंगळवेढ्याहून आलेल्या एका गाडीच्या रिममधून मी ओंजळभर ढेकूळ खरवडून काढलं होतं, आणि तेवढ्यावर ती गाडी बरी झाली होती. अण्णांची रिम स्वच्छ होती. टायरवर फुगा, कट, कुठे उंचवटा, तेही नव्हतं. असा फुगा असता आणि गाडी वीस-तीसच्या वेगालाच डुलत असती, तर मी ती हायवेला नेलीच नसती. टायरच्या आतली तारेची जाळी सुटू लागली की टायर फुटायला फार वेळ लागत नाही.

पुणे रस्त्याला लागलो, राष्ट्रीय महामार्ग ६५, सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या दिशेने. उसाचे दिवस, त्यामुळे डाव्या लेनमध्ये ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या. त्या ओलांडून मोकळा पट्टा मिळेपर्यंत थांबलो. गाडी मी चालवत होतो, अण्णा शेजारी, मधल्या सीटवर आमचा पोरगा घड्याळ, वही आणि मोबाइल घेऊन. ऐंशीपर्यंत शांत. पंच्याऐंशीला स्टेअरिंगच्या कडेला मुंग्या आल्यासारखं झालं. स्पीडोमीटर १०२ दाखवत होता तेव्हा जीपीएसवर खरा वेग ९८ होता, आणि तिथे थरथर सगळ्यात जास्त. त्याच्या वर जायची गरज नव्हती. मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला मर्यादाही शंभरचीच आहे.

आता वेग तोच धरून एकेक गोष्ट वगळत गेलो. हलका ब्रेक लावला: थरथर वाढली नाही. डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असती तर पाय ठेवल्याबरोबर स्टेअरिंगने हात झटकले असते. मागे-पुढे कुणी नाही असं बघून न्यूट्रल केली, इंजिन चालू ठेवूनच, कारण ते बंद केलं की ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते. आरपीएम खाली आले, थरथर जशीच्या तशी. म्हणजे इंजिन, त्याचे माउंटिंग, क्लच संशयातून सुटले. मग गिअरमध्ये रेस देऊन आणि सोडून पाहिलं. जोर लागला काय आणि सुटला काय, फरक नाही. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, ढिला असता तर जोर देता-घेता थरथरीचा बाज बदलला असता.

तेव्हाच पोरगा मागून म्हणाला, "उस्ताद, मधेच थांबतंय." खरंच थांबत होतं. वेग काटेकोर ९८, रस्ता तोच, पण स्टेअरिंगची थरथर हळूहळू ओसरत गेली आणि सीट हलू लागलं. मग सीट शांत, पुन्हा स्टेअरिंग. पोराने घड्याळ लावलं. एक पूर्ण आवर्तन अठ्ठावीस सेकंदांचं. पुन्हा मोजलं, सव्वीस. पुन्हा, अठ्ठावीस.

मी विचारात असताना अण्णाच बोलले. "शेडमध्ये दोन माग शेजारी-शेजारी चालतात ना, तसं झालं हे. दोघांचा वेग सारखाच, पण अगदी सारखा नसतो. खटखट मधेच एक होती, मधेच फुटती. पुन्हा एक होती."

निदान तिथेच झालं, आणि ते अण्णांनी केलं. थरथरणारी वस्तू एक असती तर ठरलेल्या वेगाला तिचा जोर कायम राहिला असता. वर-खाली होतोय म्हणजे वस्तू दोन, आणि त्यांच्या फिरण्याच्या वेगात केसभर फरक. पुढची दोन चाकं. दोघांचे जड भाग एकाच वेळी पुढे आले की ती मिळून गाडीचं सगळं अंग हलवतात आणि ते सीटला कळतं. एकाचा जड भाग पुढे आणि दुसऱ्याचा मागे असला, की डावं चाक एकीकडे ओढतं आणि उजवं दुसरीकडे, आणि ते भांडण सरळ स्टेअरिंगमध्ये येतं. अण्णांचे हातही खरे होते आणि ड्रायव्हरचं सीटही. हवेतल्या फरकामुळे उजव्या चाकाची त्रिज्या किंचित कमी होती. पावणेचारशेच्या आसपास फेऱ्यांमध्ये त्याची एक फेरी जास्त व्हायला जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा फरक पुरतो.

तरीही मी आकडा काढल्याशिवाय पाना हातात घेत नाही. गॅरेजच्या सपाट फरशीवर टायरला खडूची खूण केली आणि गाडी ढकलून पाच फेऱ्या मोजल्या. टेपने अंतर १० मीटर २५ सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीला २.०५ मीटर. ताशी ९८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.२ मीटर. भागाकार १३.३. त्या वेगाला चाक सेकंदाला १३.३ वेळा फिरतं. या गाडीचा शाफ्ट चाकाच्या एका फेरीत चार वेळांहून थोडा जास्त फिरतो, म्हणजे सेकंदाला ५४-५५. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर त्याचा आकडा ३३, आणि चार सिलिंडरच्या स्फोटांचा त्याच्या दुप्पट. हे आकडे एकमेकांत मिसळण्याइतके जवळ नाहीत. सीटच्या रुळाजवळ पोराने मोबाइल दुहेरी टेपने चिकटवला होता. कंपनं मोजणारं ॲप फुकट मिळतं. त्याच्या आलेखात एकच सुळका होता, तेरा आणि थोडं. पन्नाशीच्या आसपास काहीच नव्हतं. हा आकडा हातात नसता तर सीटच्या हादऱ्याकडे बघून मीही शाफ्ट उतरवला असता. पैसे अण्णांचे गेले असते.

पण ही दोन्ही चाकं तीन वेळा बॅलन्स झाली होती. आमच्या मशीनवरही लावून पाहिली, दोन्हीकडे शून्य. टायर नवे, रिम सरळ. मशीनवर रिमचा वर-खाली फरक ०.२ मिलिमीटर. मग चाकं गाडीवर चढवली, चुंबकी स्टँडवर डायल गेज, म्हणजे फिरणाऱ्या कडेचा वर-खाली फरक दाखवणारं माप, लावलं आणि हाताने सावकाश फिरवली. डावं १.१ मिलिमीटर, उजवं ०.९. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गोल भाग, उघडा करून मोजला, ०.०३. हब चांगला, चाक चांगलं, आणि दोन्ही एकत्र आले की वाकडं.

चाक पुन्हा उतरवलं आणि मधल्या भोकाला व्हर्निअर लावलं. हबचा गोल ६०.१ मिलिमीटर, अलॉयचं भोक ७३.१. बाजारात मिळणारे अलॉय पुष्कळ गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवून बनवतात, आणि ही पोकळी भरायला सोबत एक कडं देतात, हब रिंग. इथे साडेसहा मिलिमीटर जाडीची रिंग हवी होती. पुढच्या दोन्ही चाकांना ती नव्हतीच. मागच्या दोन्हींना होती, प्लास्टिकची, त्यातली एक तडकलेली.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की दिवाळीनंतर रात्री टेंभुर्णीच्या अलीकडे पुढचं चाक पंक्चर झालं होतं. चाक काढताना ते कडं फुटून पडलं. पंक्चरवाला म्हणाला, हे काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी सोलापुरात टायर पुढे-मागे करताना दुकानातल्या पोराने पुढच्या दुसऱ्या चाकाचंही कडं काढलं, एका बाजूला नाही तर दोन्ही बाजूला नको म्हणून. मालक रागावतील या भीतीने त्याने सांगितलं नव्हतं. अण्णा रागावले नाहीत, ते मला फार बरं वाटलं. तेवीस हजार त्या गप्प बसण्यात गेले हे खरं. पण तिन्ही गॅरेजमध्ये गाडी घेऊन तोच गेला होता, आणि त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं.

रिंग नसली तर बॅलन्सिंगने का भागत नाही, ते अण्णांना काट्यावर दाखवलं. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात, म्हणून मशीनचं केंद्र म्हणजे ते भोक. गाडीवर मात्र रिंग नसताना केंद्र ठरतं पाच नटांवर. नट निमुळते असल्यामुळे ते चाक मध्यावर आणायचा प्रयत्न करतात. पण गाडी जॅकवरून अर्धी खाली उतरवून, चाकावर वजन पडलेलं असताना हवेच्या गनने वरचा नट आधी आवळला, की चाक केंद्रापासून सरकलेलं तिथेच पक्कं होतं. आमच्या काट्यावर टायरसकट चाक २० किलो भरलं. २० किलोची वस्तू केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकली, तर रिमच्या कडेला ५० ग्रॅमचं शिसं उगाच चिकटवल्यासारखं होतं. त्या ५० ग्रॅमचा जोर ९८ च्या वेगाला सुमारे सात किलोचा होतो, आणि तो सेकंदाला तेरा वेळा चाकाला ओढतो. वेग निम्मा केला की जोर निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून गावात काहीच कळत नव्हतं. त्यात चाक, हब आणि सस्पेन्शनचा खालचा भाग मिळून स्वतःची डोलण्याची लय सेकंदाला साधारण दहा ते पंधराच्या दरम्यान असते. त्या लयीत बाहेरचा धक्का पडला की झोका चढतो. बऱ्याच गाड्या नेमक्या नव्वद-शंभरलाच का थरथरतात, त्याचं कारण हे.

डाव्या चाकाच्या दोन नटांच्या बैठकीवर घासून चकचकीत झालेल्या खुणा होत्या. त्या बघून माझ्या अंगावर काटा आला. चाक रोज थोडं-थोडं हलत होतं. हा प्रकार असाच चालू राहिला तर नट सैल होतात, ते ज्यावर आवळतात त्या स्टडवर ताण येतो. त्यावेळी गाडीत अण्णांच्या घरची माणसं असती.

प्लास्टिकच्या रिंगा पुन्हा बसवायच्या नाहीत असं मी ठरवलं. घाटात ब्रेक तापले की त्या मऊ पडतात आणि पुढच्या पंक्चरला तीच गोष्ट. एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे ॲल्युमिनियमचा गोल दिला. त्याने लेथवर चार रिंगा काढून दिल्या, आतून ६०.१५, बाहेरून ७३.०५, एका बाजूला चिमूटभर उतार, म्हणजे बसवताना अडकत नाहीत. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, अगदी पातळ ग्रीसचा हात फिरवला आणि रिंगा बसवल्या. मग चाक अधांतरी असतानाच पाचही नट हाताने, एक सोडून एक, आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या १०३ न्यूटन मीटरला. पुन्हा डायल गेज: डावं ०.३, उजवं ०.२. चारही टायरांची हवा सारखी केली.

दुसरी ट्रायल. स्टेअरिंग ९८ ला गप्प. पण सीटखाली थोडी थरथर उरली होती, आणि ती एकसारखी होती, चढ-उतार नाही. म्हणजे आता एकच चाक. मागच्या डाव्या टायरला गेज लावलं तर टायरचा उंचवटा १.९ मिलिमीटर निघाला. दीडच्या वर गेला की मी तो सोडत नाही. टायर रिमवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला, जेणेकरून टायरचा उंच भाग आणि रिमचा सखल भाग एका जागी यावा. आकडा १.१ वर आला, बॅलन्स केलं, संपलं. हे काम अर्ध्या तासाचं. पण पहिल्याच दिवशी हे चाक हातात घेतलं असतं तर पुढच्या दोघांच्या गोंधळात फरक कळलाच नसता.

सगळं मिळून बिल झालं एकोणीसशे रुपये, त्यात टर्नरची मजुरी धरून. अण्णांना मी सांगितलं की जुने टाय रॉड एन्ड आणि बुश बदलले ते बहुधा चांगलेच होते. त्याचं आता काही करता येत नाही. नवे टायर मात्र कामाचे आहेत, ते वाया गेले नाहीत.

अलॉयचे नट बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने पुन्हा टॉर्क बघावा लागतो. त्यासाठी पुढच्या सोमवारी ड्रायव्हर एकटाच आला, पुण्याला जाऊन-येऊन. एकच नट किंचित फिरला, बाकीचे जागेवर. गाडी सुरू करण्याआधी त्याने दोन रिंगा जादा मागितल्या. मी टर्नरला फोन करून करायला सांगितल्या. त्या आता जॅकच्या पिशवीत असतात, आणि पिशवीवर त्याने मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "चाक काढल्यावर कडं हबला आहे का बघा."